राजारामपुरीतून पाहिलेले साकेत

दिल्लीचे किरण नाडर म्युझियम ऑफ आर्ट मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर. घरात नेटवर्क नीट मिळणारी तेवढी एकच जागा होती आणि सकाळचा स्वयंपाक आटोपून ती मोकळी होईपर्यंत मला थांबावे लागे. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहतो, एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि २०२० च्या उन्हाळ्यापर्यंत या संग्रहालयाचे केवळ नाव ऐकून होतो. पुढच्या दीड वर्षात त्याच्या आभासी फेऱ्या आणि व्याख्याने मी जमेल तशी पाहिली, वर्गातल्या मुलांना दाखवली आणि नंतर एकदा प्रत्यक्ष जाऊनही आलो. टाळेबंदीत संग्रहालये ऑनलाइन आली याचे तेव्हा पुष्कळ कौतुक झाले, पण ते बहुतांशी मोठ्या शहरांतल्या, म्हणजे एरवीही ज्यांना तिथे सहज जाता येत होते अशा लोकांनी केलेले होते. ज्याच्या दृष्टीने ते दार आधीही फारसे उघडे नव्हते, अशा कोल्हापूरच्या प्रेक्षकाच्या पदरात या सगळ्यातून काय पडले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

संग्रहालयाची ओळख आधी थोडक्यात करून देतो. एचसीएल या कंपनीचे संस्थापक शिव नाडर यांच्या पत्नी किरण नाडर यांनी स्वतःच्या संग्रहातून ते २०१० साली सुरू केले. आधी नोएडाला कंपनीच्या आवारात आणि त्यानंतर लवकरच दक्षिण दिल्लीत साकेत येथील एका मॉलमध्ये. आधुनिक आणि समकालीन भारतीय कलेला वाहिलेले हे देशातले पहिले खाजगी संग्रहालय मानले जाते. त्याच वर्षी चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र लंडनच्या लिलावात १६ कोटींहून अधिक रुपयांना या संग्रहासाठी घेतले गेले, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत चर्चा झाली ती आकड्याची. चित्रात काय आहे हे कोणी विचारले नाही, मीही नाही. किरण नाडर यांच्याविषयी आणखी एक गोष्ट मला पुढे कळली आणि ती उगाचच आवडली. त्या ब्रिज या पत्त्यांच्या खेळात देशातर्फे खेळतात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय मिश्र संघात होत्या. संग्रहात आज १०,००० हून अधिक कलाकृती असल्याचे सांगितले जाते आणि प्रवेशाला तिकीट नाही.

खाजगी संग्रहालय म्हटले की आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ‘श्रीमंतांचे चोचले’ आणि दुसरी म्हणजे ‘सरकार करत नाही ते यांनी केले’. दोन्हींत तथ्य आहे, पण प्रेक्षक म्हणून मला तिसरीच बाब महत्त्वाची वाटते. अशा संस्थेवर कोल्हापूरपर्यंत पोहोचण्याचे कोणतेही बंधन नसते. आमच्याकडून निजामुद्दीनला जाणारी गाडी आठवड्यातून एकदा सुटते, मधले अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि चित्रे पाहण्यासाठी दिल्लीला जाऊन येतो असे घरी सांगणारा कलाशिक्षक मी तरी पाहिलेला नाही. म्हणून महामारीने या संग्रहालयाला जे करायला लावले, ते आमच्यासाठी अनपेक्षित होते.

मार्च २०२० मध्ये सगळीच दारे लागली. युनेस्कोने त्या मे महिन्यात दिलेल्या माहितीनुसार जगातील सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५,००० हून अधिक संग्रहालये बंद होती. आणि आफ्रिकेतल्या व लहान बेटांच्या देशांतल्या संग्रहालयांपैकी जेमतेम ५ टक्क्यांना प्रेक्षकांसाठी ऑनलाइन काही देणे शक्य झाले होते. ऑनलाइन जाणे ही इच्छेइतकीच ऐपतीचीही गोष्ट आहे, हे या दुसऱ्या आकड्यावरून ध्यानात येते. चित्रांची नीट नोंद लागते, चांगली छायाचित्रे लागतात, बोलणारी माणसे लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो. नाडर संग्रहालयाकडे हे सगळे होते. त्या अर्थाने त्यांची परीक्षा इतरांपेक्षा सोपी होती, आणि गुण देताना हे विसरून चालणार नाही.

दारे लागली तेव्हा साकेतमध्ये चित्रकर्ती झरीना यांचे मोठे प्रदर्शन चालू होते. संचालक आणि मुख्य क्युरेटर रुबिना करोडे यांनी मांडलेले हे प्रदर्शन जानेवारी २०२० च्या अखेरीस उघडले होते. झरीना हाश्मी यांचा जन्म १९३७ साली अलीगढला झाला. वडील विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, आणि त्यांनी स्वतः पदवी घेतली ती गणितात. लग्नानंतर परराष्ट्र सेवेतल्या पतीबरोबर देशोदेशी राहणे आले. बँकॉकमध्ये त्या लाकडी ठशांचे तंत्र शिकल्या, पॅरिसमध्ये हेटर यांच्या छापशाळेत काम केले आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. मधल्या काळात आईवडील पाकिस्तानात गेले होते, त्यामुळे परत यावे असे घर अलीगढला उरले नव्हते. घर, ते सुटणे आणि त्याची आठवण हाच त्यांच्या कामाचा आयुष्यभराचा विषय झाला. प्रदर्शन असे बंद दाराआड अडकलेले असतानाच, २५ एप्रिल २०२० रोजी, लंडनमध्ये झरीना यांचे निधन झाले. आमच्या पंचगंगेच्या घाटावर त्या दिवसांत अंत्यविधीला मोजकीच माणसे जात होती. ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेच आले, आणि चित्रकर्ती लंडनला, चित्रे दिल्लीत कुलपात आणि आपण कोल्हापूरला, हे त्रांगडे बराच वेळ मनातून गेले नाही.

या प्रदर्शनाची आभासी फेरी ही या संग्रहालयाने मला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट. तिच्या यशाचे कारण मला वाटते निम्मे तंत्रात आणि निम्मे चित्रांतच आहे. झरीनांचे काम कागदावरचे, बहुतांशी काळ्या-पांढऱ्यातले आणि आकाराने आटोपशीर. भिंतभर तैलचित्र मोबाइलवर आले की त्याचे टपाल तिकीट होते; वहीच्या पानाएवढा ठसा मात्र पडद्यावर जवळजवळ आपल्याच मापात समोर येतो. ‘होम्स आय मेड / अ लाइफ इन नाइन लाइन्स’ या १९९७ च्या मालिकेत त्यांनी राहिलेल्या घरांचे नकाशे आहेत. बँकॉकपासून न्यूयॉर्कपर्यंतची घरे, वरून पाहिलेली, बांधकामाच्या आराखड्यासारखी, माणूस किंवा खुर्ची काहीही नसलेली. चार भिंतींबाहेर पडायला बंदी असलेल्या माणसाला घराचा नकाशा इतक्या बारकाईने पाहण्याची सवड आणि गरज एकाच वेळी मिळाली होती.

तरीही फेरी ही कॅमेऱ्याच्या चालीने चालते. आपल्याला जिथे थांबायचे असते तिथून ती पुढे गेलेली असते, आणि चित्रफीत थांबवली तर चित्र नेमके धूसर होते. मला ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही १९९९ ची ३६ ठशांची मालिका निवांत पाहायची होती. ती मी अखेर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिली, एकेक ठसा बोटांनी मोठा करत. काळ्या शाईच्या कडेला जपानी कागदाचे तंतू दिसतात; शाई सगळीकडे सारखी बसलेली नाही, एखाद्या ठिकाणी लाकडाचा पोत किंचित वर आलेला आहे. शाळेत भेंडीचे ठसे उमटवणाऱ्या मुलांनासुद्धा समजेल असे ते काम आहे. कोरले ते पांढरे राहिले, ठेवले ते काळे झाले. पण हा शोध घेण्याची बुद्धी मला दिली ती साकेतच्या फेरीने, आणि संग्रहालयाने प्रेक्षकाला दुसऱ्या दारापर्यंत नेऊन सोडणे यात मला कमीपणा वाटत नाही.

या ठशांत प्रत्येक आकाराबरोबर उर्दूत एक शब्द आहे. मला उर्दू वाचता येत नाही. माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सासूबाईंना येते. त्यांना सगळे खाला म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. मी त्यांना काही ठशांची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवर पाठवली. संध्याकाळी एक लांबलचक आवाजी निरोप आला, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. “सर, पहिल्यावर नुसतं ‘घर’ लिवलंय. घर म्हणजे घरच की, त्यात मला काय विचारायचं? ह्यो दुसरा तुमचा उंबरा. लिवणाऱ्याचा हात लई देखणा हाय, पण चितारणाऱ्या बाईंनी उंबऱ्याचं नुसतं येवढंच का काढलंय, बाकीचं दार कुठाय?” हा शेवटचा प्रश्न मी पुढे ऑनलाइन वर्गात जसाच्या तसा विचारला. संग्रहालयांच्या चर्चासत्रांत त्या काळात ‘प्रेक्षकांशी संवाद’ हे शब्द सारखे कानावर येत. माझ्यापुरता तो संवाद झाला तो स्वयंपाकघरातून स्वयंपाकघराकडे.

वर्गाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या सेवेचा मी केलेला खरा वापर तोच. शाळा बंद, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे काही ठरत नाही, मुलांकडे रंग संपलेले आणि दुकाने दुपारी बंद. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटे झाली की मीटिंग आपोआप तुटत असे, त्यातली पहिली दहा ‘सर, आवाज येतोय का’ यात जात. गगनबावड्याच्या बाजूच्या वाडीतला एक मुलगा टेकडीवर चढून हजेरी लावत असे आणि पाऊस आला की खाली उतरत असे. अशा वर्गात मी झरीनांच्या फेरीतला घरांच्या नकाशांचा तुकडा दाखवला आणि मुलांना सांगितले की आपण राहिलो त्या सगळ्या घरांचे नकाशे आठवणीने काढा; मोजपट्टी वापरायची नाही, पावलांनी मोजा. वही आणि पेन एवढेच साहित्य पुरेसे होते.

बहुतेकांनी एकच घर काढले, कारण ते एकाच घरात वाढलेले. एका मुलीने माहेरपणाला आलेल्या आत्याची खोली वेगळ्या रेघेने दाखवली, कारण ती कायमची नाही. प्रयाग चिखलीच्या एका मुलाने दोन घरे काढली. एक गावातले आणि दुसरे २०१९ च्या महापुरात पंधरा दिवस राहिलेले मामाचे. गावातल्या घराच्या नकाशात त्याने प्रत्येक भिंतीला समांतर एक बारीक तुटक रेघ ओढली होती. मला वाटले गिलाव्याची जाडी असावी. विचारले तर म्हणाला, “पाणी इथवर आलं होतं सर, वरून बघितल्यावर ते कसं दाखवायचं ते कळलं नाही, म्हणून आतून ओढलं.” फाळणीची सीमा एका वेड्यावाकड्या रेघेत दाखवणारा झरीनांचा ‘डिव्हायडिंग लाइन’ हा २००१ चा ठसा मी त्याला नंतर पाठवला. तो पाहून त्याने काही प्रतिक्रिया दिली नाही, अंगठा मात्र पाठवला. पुढच्या जुलैत पंचगंगेने पुन्हा ५६ फुटांचा टप्पा गाठला, धोक्याच्या ४३ फुटांच्या पातळीवर तेरा फूट, आणि महिनाभर वर्ग बंदच पडला.

आता जिथे पडदा हरला त्याविषयी. या संग्रहालयाची सर्वांत ओळखीची कलाकृती म्हणजे शिल्पकार सुबोध गुप्ता यांची ‘लाइन ऑफ कंट्रोल’. अणुस्फोटाच्या छत्रीसारख्या ढगाचा हा महाकाय आकार स्टीलच्या भांड्यांचा बनलेला आहे आणि वजन सुमारे २६ टन आहे. २००९ साली ती लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये प्रथम दाखवली गेली, पुढे साकेतला आली. मुलांना मी तिची छायाचित्रे दाखवली तेव्हा वर्गात हशा पिकला. त्यांना ती महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानासारखी वाटली, आणि मोबाइलवर ती तशीच दिसते हे मलाही कबूल करावे लागले. सहा इंचांच्या काचेवर २६ टन म्हणजे किती हे कळण्याचा मार्ग नाही. कॅमेरा कितीही फिरवला, निवेदकाने कितीही चांगले सांगितले, तरी ज्या कलाकृतीचा सगळा अर्थ तिच्याखाली उभे राहण्यात आहे, ती पडद्यावर केवळ बातमी होते. हे वैगुण्य माध्यमाचे आहे, त्यासाठी संग्रहालयाला बोल लावता येत नाही. मात्र कोणती कलाकृती पडद्याला मानवते आणि कोणती नाही, हे ओळखून निवड करणे संस्थेच्या हाती असते, आणि झरीनांसारखे कागदावरचे काम पुढे येते तेव्हा ही सेवा इतरांपेक्षा उजवी ठरते. चित्रकर्ती नसरीन मोहमदी यांच्या रेघांनाही पडदा असाच मानवतो; या संग्रहालयाने २०१३ साली त्यांचे मोठे सिंहावलोकन केले होते. नसरीन यांचे अखेरचे दिवस अलिबागजवळच्या किहीमला गेले, ही गोष्ट कोकणात दर उन्हाळ्यात जाणाऱ्या आमच्यापैकी किती जणांना माहीत असते?

भाषेचा प्रश्न मात्र राहतोच. समकालीन कलेविषयी देशात ऑनलाइन जे बोलले जाते ते मुख्यतः इंग्रजीत, आणि तेही अशा इंग्रजीत की वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही अडखळावे लागते. मी मुलांसाठी थांबवत थांबवत मराठीत सांगत गेलो तेव्हा ध्यानात आले की अर्धी अडचण आमच्याच घरची आहे. ‘इन्स्टॉलेशन’ला मांडणशिल्प हा चांगला शब्द मराठीत रुळला आहे, पण ‘प्रॅक्टिस’ या अर्थाने कलावंताचे काम कसे म्हणायचे, ‘क्युरेटर’ला काय म्हणायचे, याची सवय मलाच नव्हती. कोल्हापूरला दळवीज आणि कलानिकेतनसारख्या कलासंस्थांची परंपरा आहे, घरोघरी निसर्गचित्रे रंगवणारी माणसे आहेत, पण आमची कलाचर्चा अजूनही रेखाटन किती पक्के आणि रंग किती ताजा यावर येऊन थांबते. खालांनी विचारलेला ‘बाकीचं दार कुठाय’ हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर मी अजून ऐकलेला नाही.

त्या काळात सगळ्यांनीच सगळे ऑनलाइन आणले आणि त्यात उथळ मालही बराच होता, हेही नोंदवतो. दुसऱ्या एका शहरातल्या एका कलादालनाने शिक्षकांसाठी सशुल्क कार्यशाळा जाहीर केली. मी पैसे भरले, वेळेवर बसलो, पण आत घेणारा कोणी नव्हता. पाऊण तासाने दार उघडले तेव्हा व्याख्याते आभार मानत होते. पैसे परत मागण्यासाठी पाठवलेल्या तिन्ही पत्रांना आलेले उत्तर एकच होते, आणि ते आपोआप जाणारे होते. नाडर संग्रहालयाच्या मी पाहिलेल्या कार्यक्रमांना एक पैसाही पडला नाही, आणि फुकट आहे म्हणून उरकून टाकले असेही कुठे जाणवले नाही.

तुलनाच करायची तर बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीशी, म्हणजे ‘मॅप’शी करावी लागेल. अभिषेक पोद्दार यांनी स्थापन केलेले हेही खाजगी संग्रहालय. इमारत तयार होण्याआधीच महामारी आली, म्हणून त्यांनी ५ डिसेंबर २०२० रोजी संग्रहालयाचे उद्घाटन थेट ऑनलाइनच केले. कस्तुरबा रस्त्यावरची इमारत लोकांसाठी खुली झाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये. पडदा हीच त्यांची पहिली इमारत असल्यामुळे त्यांची मांडणी अधिक सराईत वाटते. अॅक्सेंचर या कंपनीच्या साहाय्याने त्यांनी मकबूल फिदा हुसेन यांची प्रश्नांना उत्तरे देणारी डिजिटल प्रतिमाही तयार केली. पंढरपूरला जन्मलेला हा माणूस काचेमागून इंग्रजीत बोलताना पाहून मला गंमत वाटली आणि थोडे चुकल्यासारखेही वाटले. हुशारीत मॅप पुढे आहे. पण एका चित्रकर्तीच्या आयुष्यासोबत तासभर बसवून ठेवण्याची ताकद मला साकेतच्या फेरीत अधिक जाणवली, आणि माझ्या वर्गाला त्या तासभराचाच उपयोग झाला.

या सगळ्यातून एक आस मात्र लागली. टाउन हॉलच्या संग्रहालयात आणि शहरातल्या खाजगी संग्रहांत आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, इथेच जन्मलेले धुरंधर अशा चित्रकारांचे काम आहे. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर चित्रांसकट शासनाच्या स्वाधीन केले, ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आबालालांच्या कोटितीर्थाच्या काठचा एखादा जलरंग असाच खिडकीत बसून, बोटांनी मोठा करत, पाण्यावरच्या उजेडापर्यंत जाऊन पाहता यावा असे फार वाटते. आणि गगनबावड्याच्या त्या टेकडीवरूनही तो दिसावा.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने संग्रहालये १० नोव्हेंबर २०२० पासून उघडण्यास परवानगी दिली, पण दुसऱ्या लाटेत कोल्हापूरचे निर्बंध बरेच रेंगाळले, त्यामुळे माझे जाणे व्हायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. मेव्हण्याच्या मुलाचे लग्न गाझियाबादला होते म्हणून जमले. मालवीय नगर मेट्रो स्थानकावर उतरून रिक्षाने मॉलपर्यंत गेलो. कपड्यांच्या आणि कॉफीच्या दुकानांशेजारी संग्रहालय असणे आधी खटकते, पण अर्ध्या तासात कळते की चित्रे पाहण्याचा बेत नसलेली माणसेही चुकून आत येतात. एक कुटुंब हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन फिरत होते, त्यांतली आजी प्रत्येक चित्रापुढे चप्पल काढावी की काय अशा विचाराने थबकत होती.

‘लाइन ऑफ कंट्रोल’खाली मी उभा राहिलो. खरोखर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. सगळ्या भांड्यांत वरचे छत, माणसे आणि दिवे उलटे होऊन हजारो वेळा दिसतात आणि आपण हललो की तेही हलतात. हे कुठल्याही छायाचित्रात आलेले नव्हते. आपल्याकडे भांडे घेतले की दुकानदार त्यावर नाव आणि तारीख कोरून देतो, रुखवतातल्या तांब्यापासून शाळेच्या डब्यापर्यंत. सवयीने माझी नजर त्या ढगात कोरलेली नावे शोधत राहिली. माझ्याबरोबर आलेल्या बायकोने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “एवढी भांडी, आणि घासलेली कुणी?” तिथल्या सुरक्षारक्षकाला मराठी येत नसावे, पण तो हसला.

झरीनांच्या त्या प्रदर्शनाच्या भिंतींवर तोपर्यंत दुसरे काही लागलेले होते, ते साहजिकच होते. मी तिथल्या एका तरुण मार्गदर्शिकेला विचारले की त्या फेरीत मी पाहिलेला नऊ घरांचा संच कोणत्या बाजूला होता. तिने हाताने दाखवले. मी खिडकीतल्या डब्याजवळ बसून पाहताना जी भिंत उजवीकडे आहे असे दीड वर्ष धरून चाललो होतो, ती डावीकडे होती.

प्रत्यक्ष जायचे असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो. सोमवारी संग्रहालय बंद असते, प्रवेश विनामूल्य आहे आणि पाहायला किमान तीन तास हाताशी ठेवावेत. वास्तुकार डेव्हिड अडजये यांच्या आराखड्यानुसार विमानतळाच्या बाजूला महामार्गालगत नवी, सुमारे १,००,००० चौरस मीटरची इमारत उभी राहते आहे, तेव्हा मॉलमधला हा अनुभव पुढे असाच राहील असे नाही. परत आल्यावर मी खालांना भांड्यांच्या ढगाचे छायाचित्र पाठवले. त्यांचे उत्तर आले की हे राहू दे, आधी त्या उंबऱ्याचा कागद मोठा करून छापून आणा, कपाटाच्या दाराला आतून लावायचा आहे.